भीमाआण्णाचा पाहुणचार

सोलापुरात विजापूर वेशीच्या आतल्या गल्लीत सोजरबाईचं दोन खोल्यांचं घर होतं. पुढची खोली पत्र्याची, आतली माळवदाची. माळवद म्हणजे तुळयांवर फळ्या आणि फळ्यांवर हातभर मातीचा थर. नवऱ्याची गिरणी चालू होती तेव्हा त्यानं ते घेतलं, आणि तेव्हाच ते जुनाट होतं. पुढं गिरणी बंद पडली, नवरा गेला, लेक दिपाली लग्न होऊन बार्शीला गेली. सोजरबाई त्या घरात एकटी राहिली.

उन्हाळा सरता सरता ती शिडी लावून वर चढायची. माळवदावर उगवलेलं गवत मुळासकट उपटायची, भेगांत पांढरी माती भरून बडवायची, पावसाचं पाणी बाहेर सोडणारी पन्हाळ काठी घालून मोकळी करायची. भिंतीचे पोपडे सुटले की शेणामातीचा हात फिरवायची. चौकट खचली आणि दार अडायला लागलं तेव्हा तिनं चौकट तशीच ठेवून दार तासून घेतलं. आतल्या खोलीच्या कोपऱ्यातली तुळई वाळवीनं पोखरली होती, तिला खालून बाभळीचा टेकू दिला होता.

गल्लीतला गौस गवंडी येता-जाता सांगायचा, "चाची, माळवद उतरवून घ्या. हा टेकू किती झेलणार?"

"मी हाय तवर झेलंल," ती म्हणायची.

दिपाली फोनवर भांडायची. "आई, सोड की ते घर. ये हिकडं." सोजरबाई ऐकून घ्यायची आणि नातवंडांची चौकशी करून विषय बदलायची. ती लहानपणी एक घर सोडून आली होती, आणि ते कुणी सोडायला लावलं हे तिला पक्कं ठाऊक होतं.

ते घर मंद्रूपला. दोन भावांचं, मधे एक भिंत. अलीकडचं अर्धं तिच्या बापाचं, पलीकडचं चुलता भीमाचं. उन्हाळ्यात बाप माळवदावर पांढरी माती ओतायचा आणि सोजर त्याच्या बरोबरीनं ती पायांनी तुडवायची. रात्री तिथंच वाकळ टाकून झोपायचं. खाली दावणीला म्हैस, तिच्या रवंथाचा आवाज वरपर्यंत यायचा. आई देवळीत दिवा ठेवायची त्याची काजळी भिंतीवर वर चढत गेली होती, आणि सोजरला ती काजळी माणसासारखी दिसायची. सोजर तिला रोज काही ना काही सांगायची.

विहिरीचं काम करताना दरड कोसळून बाप मेला. मग चुलत्याची बोलण्याची तऱ्हा बदलली. "बाईमाणसाला कशाला येवडं घर," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. सोजर अकरा वर्षांची असताना भाद्रपदात पाऊस लागून राहिला. एका सकाळी ती परसात गेली, तर चुलता त्यांच्या बाजूच्या शिडीवरून उतरत होता. कोपरापर्यंत दोन्ही हात चिखलानं भरलेले, खांद्यावर रिकामं पोतं. त्यानं तिच्याकडं पाहिलं, आणि हात पाठीमागं न्यायचीही तसदी घेतली नाही. तिनं आईला सांगितलं. आईनं तिच्या थोबाडीत मारली. "पुन्यांदा हे त्वांडातनं काढू नगंस. त्यानं हाकललं तर कुटं जायाचं आपुन?"

दुसऱ्या दिवशी दुपारी मधली भिंत सोडून त्यांच्या बाजूचं सगळं घर बसलं. आई आत भाकरी थापत होती. लोकांनी माती उपसली तेव्हा आधी तिचा हात दिसला, पिठाचा. म्हैस मेली. आई जगली, पण तिचं कंबरेचं हाड असं मोडलं की ती नंतर कधी सरळ चालली नाही. गाव म्हणालं, पाऊसच तसा झाला. चुलता आईला म्हणाला, "मी बांधून घेतो, तवर तुमी सोलापूरला तुज्या भावाकडं ऱ्हावा." त्यानं बांधून घेतलं खरं, आणि मधली भिंत पाडून आपल्यात मिसळूनही घेतलं.

आई शेवटपर्यंत सोलापुरात विड्या वळत राहिली. मंद्रूपला परत गेली नाही. मेली तेव्हा त्या घरातून कुणी मातीला आलं नाही.

सोजरबाईनं मात्र मंद्रूपचं येणं-जाणं तोडलं नव्हतं. चुलतभाऊ बिरुदेवच्या लग्नाला ती गेली, त्याच्या पोराच्या लग्नाला गेली. तिथलं पाणी प्यायली नाही. पोटाचं निमित्त सांगायची. बिरुदेव भोळा होता, त्याला ते खरं वाटायचं. परतताना ती वळून त्या घराकडं बघायची आणि मनात म्हणायची, बसू दे, एकदा तरी बसू दे. पण दिवस पालटले तसं चुलत्यानं माळवद उतरवून स्लॅब टाकला होता.

मागच्या वर्षी पावसाळ्याच्या उत्तरार्धात बिरुदेवचा फोन आला. भीमाआण्णाला साखरेचा आजार, पायाची दोन बोटं काढली होती. सिव्हिलमधून सोडलं होतं, पण जखमेला रोज ड्रेसिंग लागणार होतं.

"आक्का, मंद्रूपवरनं रोज आणायचं म्हंजी लई हाल हुतात गं त्येंचं. तुजं घर जवळ हाय. थोडं दिस ठिवून घेशील का?"

सोजरबाई म्हणाली, "घिऊन ये की. चुलता हाय माजा."

जागेवरनं झालेलं जुनं सगळं धुऊन गेलं असं बिरुदेवला वाटलं.

रिक्षातून उतरवून आण्णाला आत आणलं तेव्हा सोजरबाईनं त्याला नीट पाहिलं. आडमाप देहाचा माणूस पोत्यासारखा रिकामा झाला होता. नजर मात्र तीच, सगळीकडं फिरणारी. बाजेवर टेकताच त्यानं वर पाहिलं.

"माळवद हाय व्हय? तुळई ग्येली की गं ही."

"म्हाईत हाय आण्णा."

बाज तिनं आधीच लावून ठेवली होती, टेकूच्या पलीकडं, जिथं दर पावसात पाणी ठिबकायचं बरोबर तिथं. एरवी त्या जागी घमेलं असायचं.

तिनं पाहुणचारात काही कमी केलं नाही. दुधात कुस्करलेली ज्वारीची भाकरी, बिनसाखरेचा चहा, वेळच्या वेळी गोळ्या. सकाळी रिक्षानं ड्रेसिंगला न्यायची, आणायची. शेजारची सरदारबी रोज डोकावायची आणि हळहळायची. "किती करतेस गं सोजर. पोटची लेक नाही करत आजकाल." सोजरबाई हसायची.

पाऊस आला की ठिबक सुरू व्हायची. आधी आण्णाच्या छातीवर, मग तो सरकला की खांद्यावर.

"सोजर, हितं गळतंय गं."

"जुनं घर हाय. गळनारच."

"बाज सरकीव की जरा."

"तितं टेकू हाय आण्णा. सरकवायला जागा न्हाय." आणि ती त्याच्या अंगावर खताचं रिकामं पोतं आडवं टाकायची. ते ओलं झालं की तसंच राहू द्यायची.

एका दुपारी त्याला भरवता भरवता तिनं विचारलं. आवाज साधाच ठेवला होता. "आण्णा, त्या साली आमच्या पन्हाळी कुनी बुजीवल्या हुत्या वं?"

म्हातारा चावायचा थांबला. मग घास गिळला. "उंदरं लई झाली हुती तवा."

"शिडीवरनं उतरनारं उंदीर मी बघितलं हुतं."

"ल्हान हुतीस तू," आण्णा म्हणाला, आणि पुढच्या घासासाठी तोंड उघडलं.

त्या उघड्या तोंडात तिनं घास घातला. शिव्या दिल्या असत्या, रडला असता, अगदी नाकबूल करून ओरडला असता तरी चाललं असतं. पण तो तिच्या हातचं खात होता, तिच्या घरात झोपत होता, आणि त्याला कसलंही ओझं नव्हतं. बरा होऊन तो मंद्रूपला जाणार, तिच्या बापाच्या जागेत पाय पसरून झोपणार. आणि गल्लीत तिचं कौतुक होणार, चुलत्याची सेवा केली म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रेसिंगहून आल्यावर आण्णाचा डोळा लागला. सोजरबाईनं परसात माती कालवली. तणस घातलं, चांगली चिकट मळली. जुनं लुगडं फाडलं. शिडी लावली आणि वर चढली. गुडघे कुरकुरत होते, साठी उलटून गेली होती. पन्हाळीच्या तोंडात तिनं आधी लुगड्याचा बोळा ठासला, वर माती थापली, तळव्यानं सारखी केली. आयुष्यभर तिनं ती पन्हाळ मोकळी ठेवण्यासाठी जीव टाकला होता. बुजवायला कितीसा वेळ लागला! खाली उतरली तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत भरले होते. ते तिनं टाकीवर सावकाश धुतले.

पाऊस त्याच दुपारी आला. हस्ताचा, ढगांच्या गडगडाटासह. गल्लीत गुडघाभर पाणी वाहायला लागलं. सोजरबाई पुढच्या खोलीत, मधल्या उंबऱ्यावर बसली. तिथून आण्णाची बाज समोर दिसत होती.

थोड्या वेळानं ठिबकीची धार झाली. मग भिंतीवरून गढूळ पाणी उतरायला लागलं.

आण्णा वर बघत होता. मातीच्या घरात जन्म काढलेला माणूस. पाण्याचा आवाज त्याला ओळखता येत होता, आणि बाहेर पन्हाळीतून पाणी पडल्याचा आवाज येत नव्हता.

"सोजर. वर पानी तुंबलंय."

तिनं पदर गुडघ्यांवर सारखा केला.

"पन्हाळ बुजलीया गं! कुनाला तरी वर चढीव. काठी घाल म्हनावं."

"उंदरं झाली असतील."

आण्णानं मान वळवून तिच्याकडं पाहिलं. कितीतरी वेळ पाहिलं. मग त्याला कळलं. त्याचा चेहरा एकदम लहान झाला, आणि तो कोपरांवर उठायची धडपड करायला लागला. पट्टी बांधलेला पाय खाली टेकेना. "ए सोजर... ए पोरी... मला भाईर काड."

सोजरबाई बसून राहिली. आईचा पिठानं माखलेला हात तिच्या डोळ्यांपुढं होता. इतकी वर्षं तिनं मनात हे कितीदा रंगवलं होतं, आणि प्रत्यक्ष बघताना त्याहून बरं वाटत होतं. ती लाजली नाही. तिला ते पोटभर बघायचं होतं. तुळईतून माती झरली, टेकूखालची फरशी करकरली.

आण्णा ओरडायला लागला. तो आवाज ऐकून सरदारबी डोक्यावर पोतं घेऊन धावत आली. "या अल्ला! काय झालं?"

"हिला सांग की!" आण्णा तिच्याकडं हात पसरून बोंबलला. "पन्हाळ बुजलीया. हे आता थांबत नसतंय. एक मोठा पाऊस लागतोय, मग आदी आतला कोपरा बसतोय, मागनं तुळई. मला ठावं हाय! त्या टायमाला बी असाच बसला हुता, पन्हाळी बुजीवल्यावर दुसऱ्या दिसाला—"

तो थांबला. तोंड उघडंच राहिलं.

सोजरबाई उठली. "आण्णा, कवा बुजीवल्यावर?"

सरदारबी एकदा याच्याकडं, एकदा तिच्याकडं बघत राहिली. सोजरच्या आईची कंबर कशानं गेली हे तिला ठाऊक होतं. तिनं म्हातारीशेजारी बसून कितीतरी विड्या वळल्या होत्या.

मग तुळई कडाडली. सरदारबी किंचाळली, "सोजर, धर त्याला, नंतर बघू!" आणि स्वतः आत घुसली. सोजरबाई तिच्या मागं गेली. आपण का गेलो, सरदारबी गेली म्हणून की आणखी कशानं, हे तिला पुढंही नीट सांगता आलं नाही. वाकळेची दोन टोकं हिनं धरली, दोन तिनं, आणि म्हाताऱ्याला ओढत, आपटत, उंबऱ्याबाहेर काढला. पुढच्या खोलीतून रस्त्यावर आल्या तोच मागं माळवद खाली आलं. धूळ पावसातही दारापर्यंत आली. बाज, टेकू, सोजरबाईच्या लग्नातली ट्रंक, सगळं मातीखाली.

आण्णा सरदारबीच्या ओट्यावर भिजलेल्या कोंबडीसारखा थरथरत होता. सोजरबाई त्याच्याजवळ वाकली आणि फक्त त्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "मी काडलं तुमाला. तुमी माज्या आईला काडलं न्हवतं."

संध्याकाळी बिरुदेव आला. पडलेलं घर बघून त्यानं कपाळाला हात लावला. सरदारबीनं त्याला आत घेतलं, चहा दिला, आणि आण्णा काय बोलून गेला ते सगळं सांगितलं. बिरुदेव बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. तो बापापुढं उभा राहिला.

"आण्णा, ही म्हंती त्ये खरं हाय व्हय?"

आण्णा रस्त्याकडं बघत राहिला. आज पन्हाळ कुणी बुजवली हे त्याला माहीत होतं. पण ते बोलायचं तर आधी दुसरं बोलावं लागलं असतं. तो गप्प बसला, आणि सोजरबाईला कळलं की आता हा जन्मात बोलणार नाही.

"आक्का," बिरुदेव खाली मान घालून म्हणाला, "आता तू कसं करणार? बार्शीला दिपालीकडं—"

"बार्शी माज्या लेकीच्या सासरची. मी माज्या बापाच्या घरी येनार."

"तितं आता जागा कुटं हाय गं? खताची पोती, मोटारीचं सामान..."

"मी तुज्या बापाला जागा दिली का न्हाय?"

चार दिवसांत बिरुदेवनं पोती हलवली, मधे विटांची भिंत घातली, रस्त्याकडं दार पाडून दिलं. दिपाली फोनवर रडली, चिडली. "त्या माणसाच्या शेजारी ऱ्हायाचं तुला?"

"त्येच्यासाटीच चाललीय," सोजरबाई म्हणाली.

मंद्रूपच्या त्या अर्ध्यात पहिल्यांदा पाय ठेवला तेव्हा ओळखीचं काही सापडेल म्हणून तिनं चारी भिंती हातानं चाचपल्या. सिमेंट, वर स्लॅब, खाली फरशी. देवळी नव्हती. दावण कुठं होती तेही तिला नीट सांगता येईना. ती दोनदा जागा बदलून उभी राहिली. युरियाचा वास येत होता. तिनं एक तांब्या पाणी भरलं आणि घटाघटा प्यायली. त्या घरातलं पाणी, अकराव्या वर्षानंतर पहिल्यांदा.

मग तिनं आपला नेम सुरू केला. सकाळी उठून नव्या भिंतीला लागून उखळ मांडायची आणि शेंगदाण्याची चटणी कुटायची. पलीकडं आण्णाची खाट होती. दुपारी बायका जमायच्या. पन्नास वर्षांनी माहेरी राहायला आलेली म्हातारी बघायला सगळ्यांनाच उत्सुकता. बिरुदेवची सून उत्कर्षा पण येऊन बसायची. "आत्या, तुमी घर सोडून का गेला हुता वं?" तिनंच पहिल्यांदा विचारलं. सोजरबाईनं सांगितलं. सावकाश, मोठ्यानं, एकही गोष्ट न गाळता, ओट्यावर टेकून बसलेल्या आण्णाला ऐकू जाईल असं. दुसऱ्या दिवशी दुसरी बाई आली, तिला पहिल्यापासून सांगितलं. बाजाराच्या दिवशी बाहेरगावच्या ओळखीच्या निघाल्या, त्यांना चहा करून सांगितलं. सोलापूरचं घर कसं पडलं हे कुणी विचारलं, तर म्हणायची, "जुनं हुतं."

एकदा आण्णानं हात जोडले. "बास की गं आता. गावात त्वांड दाखवाया जागा ठिवली न्हाईस."

"मी कुटं तुमचं नाव घेती? मी माज्या घराचं सांगती."

तो ओट्यावर बसायचा बंद झाला. मग आतली खाटही भिंतीपासून लांब घ्यायला लावली. तरी उखळाचा आवाज पोचायचा. दिवाळीनंतर त्यानं बिरुदेवला सांगितलं, मला शेतातल्या वस्तीवर नेऊन ठेव. तिथं पत्र्याचं शेड होतं, सालगडी राहायचा ते. बिरुदेवनं समजूत घातली, सुनेनं घातली. म्हातारा ऐकेना.

ट्रॉलीत खाट चढवली, गादी चढवली, औषधाची पिशवी दिली. आण्णाला दोघांनी उचलून वर बसवलं. सोजरबाई आपल्या दारात उभी होती. ट्रॅक्टर सुरू झाला तेव्हा त्यानं एकदा घराकडं पाहिलं, तिच्याकडं नाही. वळणावर ट्रॉली दिसेनाशी होईपर्यंत ती हलली नाही.

उत्कर्षा कडेवरचं पोर सांभाळत म्हणाली, "आत्या, ह्या वयात घर सोडून ग्येलं वं. वाईट वाटतंय."

"तुला वाटू दे," सोजरबाई म्हणाली. आत जाऊन तिनं दोन भाकरी थापल्या, गरम गरम, चटणीवर तेल घेतलं, आणि दार उघडं टाकून पोटभर जेवली.